पान उलटून बघणारी

आमच्या नेरूळच्या बिल्डिंगला मोठी गच्ची आहे. पण बरीच वर्षं तिच्यावर पाण्याच्या टाक्या, डिशच्या छत्र्या आणि कोणीतरी आणून टाकलेला एक मोडका सोफा एवढंच होतं. मी शाळेच्या ऑफिसातून रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत मला घर खायला उठलं. मुलगा पुण्याला. आमचे हे सकाळी पेपर घेऊन बसले की जेवणापर्यंत तोंड उघडत नाहीत. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या वहिनी एकदा जिन्यात म्हणाल्या, "ताई, वर कुंड्या लावू का आपण? आमच्या गावाकडं परसात सगळं असायचं. इथं कडीपत्त्याची काडीसुद्धा मागून घ्यावी लागती."

वहिनी मूळच्या परभणीकडच्या. त्यांचे मिस्टर न्हावा शेवाला कंटेनर यार्डात नोकरीला होते, मी त्यांना भाऊ म्हणायचे. एकुलती एक मुलगी. ती बी.एस्सी. झाली होती आणि परदेशी जाणाऱ्या भाज्या-फळांचे नमुने तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काम करत होती. म्हणजे दिवसभर भिंगाखाली भेंडी आणि आंबे धरून त्यात कीड आहे का ते बघायचं. कीड सापडली की माल अडकायचा.

सोसायटीने परवानगी दिली. सोफा भंगारवाल्याने नेला. आम्ही दोघींनी रंगाचे डबे, फुटक्या बादल्या, थर्माकोलची खोकी, जे मिळेल त्यात माती भरली. चवळी, वांगी, मिरची, जास्वंद आणि वहिनींच्या हट्टापायी अंबाडी. पहिल्या हंगामात चवळी अशी काही आली की आम्ही दोघी गच्चीतच दुपार काढायला लागलो. मग एक दिवस बघतो तर चवळीचे सगळे कोवळे शेंडे काळे पडलेले. मावा. बारीक मोहरीएवढे किडे, एकमेकांना चिकटून बसलेले. हात लावला की बोटं चिकट.

वहिनी म्हणाल्या, "आता हो?"

मी नर्सरीतून फवारायचं औषध आणलं. तोंडाला ओढणी बांधून मी बाटली हलवतच होते, तेवढ्यात त्यांची मुलगी चहाचे कप घेऊन वर आली. रविवार होता.

"काकू, थांबा थांबा! आधी पान उलटून बघितलंत का?"

"बघितलं की. किडेच किडे आहेत."

"किडे कोणते पण?"

आमच्या लेखी सगळे सारखेच. किडे म्हणजे किडे. तिने कप कठड्यावर ठेवले, चवळीचा एक शेंडा हळूच वाकवला आणि फोन अगदी जवळ नेऊन फोटो काढला. मग दोन बोटांनी मोठा करून आम्हाला दाखवला. माव्याच्या मधोमध एक लांबट, काळपट प्राणी होता, अंगावर नारिंगी ठिपके, सहा पाय, चिमुकल्या मगरीसारखा. तोंडात मावा धरलेला.

वहिनी मागे सरकल्या. "अगं बाई, हे ध्यान कुठून आलं? हेच खातंय वाटतं सगळं."

"मम्मी, हे झाड नाही खात. हे मावा खातंय. लेडीबर्डचं पिल्लू आहे ते. लाल किडा असतो ना टिकलीएवढा, ठिपक्यांचा? त्याचं."

"ह्या मगरीला ते गोजिरं लेकरू होतं?"

"मगरच लेकरू आहे, मम्मी. गोजिरी ती आई."

त्यावर आम्ही तिघी खूप हसलो. औषधाची बाटली तशीच राहिली. चवळी थोडी मार खाऊन का होईना, सावरली. आणि आमचा तो हंगाम बदलून गेला.

त्यानंतर दर रविवारी ती वर यायची. नोकरीत सहा दिवस किडेच बघून तिला कंटाळा कसा येत नाही, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, "काकू, तिकडे किडा सापडला की सगळ्यांची तोंडं उतरतात. एजंट फोनवर फोन करतात. इथे सापडला की मी खूश, तुम्ही खूश. केवढा फरक आहे!"

ती कधी पुस्तकातलं बोलत नसे. वांग्याच्या पानाखाली केसासारख्या देठांवर उभी असलेली पांढरी अंडी तिने दाखवली. मला तर ती बुरशीच वाटली होती, मी ओल्या फडक्याने पुसूनही काढली असती. ती म्हणाली, "क्रायसोपाची आहेत. हिरव्या जाळीदार पंखांची माशी असते ना, तिची; तिची पिल्लंही मावा खातात. देठावर का घालते सांगा? पहिलं पिल्लू बाहेर आलं की भूक लागलेली असते ना, ते शेजारच्या भावंडालाच खाईल. म्हणून प्रत्येकाला वेगळं टांगून ठेवते." वहिनी कितीतरी वेळ ती अंडी बघत बसल्या. मग म्हणाल्या, "आईला सगळं आधीच ठाऊक असतं बघा."

जास्वंदीवर पिठ्या पडला तेव्हाही असंच. पांढरे, कापसासारखे गोळे. वहिनी जुना टूथब्रश घेऊन घासायला बसल्या. मुलगी म्हणाली, "मम्मी, एकेकाला आधी काडीने हलव. ह्यांच्यासारखाच दिसणारा एक असतो, पांढऱ्या झालरीचा. तो ह्यांना खायलाच येतो. पिठ्या हलवला तरी ढिम्म. तो दुसरा तुरुतुरु पळतो." मग काय, साठीच्या जवळ आलेल्या आम्ही दोघी बायका उन्हात स्टुलावर बसून, चष्मे नाकावर घेऊन, काडीने एकेक पांढरा गोळा टोचतोय. भाऊ ड्युटीवरून येऊन हे बघायचे आणि म्हणायचे, "तिकडं कंटेनर उचलायला क्रेन लागती, इकडं या एका काडीवर भागवतायत."

हे सांगताना आता मला त्या दुपारचं ऊन पाठीवर जाणवतं. तेव्हा काही विशेष चाललंय असं वाटलं नव्हतं.

गच्चीच्या दाराच्या चौकटीवर कुंभारमाशीने मातीचं गाडग्यासारखं घरटं केलं होतं. बारीक कंबरेची ती काळी-पिवळी माशी हिरव्या अळ्या उचलून आणायची आणि आत भरायची. सोसायटीतल्या कोणीतरी ते घरटं झाडूने पाडायचा विचार केला, तर ती पोरगी दारात उभी राहिली. "ती चावत नाही कोणाला. आपण डिवचलं नाही तर. आत तिचं अंडं आहे आणि अळ्यांचा डबा भरून ठेवलाय." घरटं राहिलं. तिला लोक नाही म्हणत नसत. आवाज न चढवता बोलायची, आणि समोरच्याचं ऐकून घ्यायची.

पुढच्या वर्षी शेजारची जुनी बिल्डिंग पाडली आणि तिथे टॉवरचं काम सुरू झालं. पाया खणला, मग काही भांडण होऊन काम थांबलं. पावसात तो खड्डा तुडुंब भरला. पावसाळा सरता सरता आमच्या गल्लीत डेंग्यू आला. समोरच्या विंगेत दोघे ॲडमिट झाले, ते बरे होऊन घरी आले. सोसायटीची मीटिंग बसली. सगळीकडे धूर मारायचा, कानाकोपरा, जिना, गच्ची, काही सोडायचं नाही असं ठरत होतं.

ती तेव्हा उठून बोलली. मी तिच्या शेजारीच बसले होते.

"धूर मारा ना. खाली मारा, गेटपाशी, पंपरूममध्ये मारा. गच्चीवर फक्त नको. तिथे पाणी साठलेलं नाही, आम्ही रोज बघतो. पाण्याच्या ड्रमला जाळी आहे, आत डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे आहेत. वर धूर मारला तर डास दोन दिवसांनी परत येतील. हे आमचे चांगले किडे मात्र मरतील, आणि ते लवकर परत येत नाहीत."

चेअरमन म्हणाले, "बघ हं पोरी, तुझ्या जबाबदारीवर."

"हो, माझ्या," ती म्हणाली.

हे वाक्य नंतर बिल्डिंगमध्ये कितीदा बोललं गेलं असेल! तेव्हा ते इतकं साधं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघींनी सगळ्या कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाकल्या. पालिकेची माणसं तपासायला आली, टॉर्च मारून ड्रममध्ये बघितलं, कुंड्या बघितल्या, काही सापडलं नाही. शेजारच्या खड्ड्यात मात्र अळ्या वळवळत होत्या, त्यात त्यांनी तेल ओतलं.

थोड्याच दिवसांत तिला ताप आला.

आधी वाटलं व्हायरल. ती स्वतःच म्हणाली, "ऑफिसात सगळ्यांना आहे." मेडिकलमधून गोळ्या आणल्या. ताप उतरला, आम्ही सुटलो म्हणालो. वहिनींनी तिला मऊ खिचडी भरवली. आणि ताप उतरल्यावरच तब्येत बिघडली. पोट दुखायला लागलं, उलट्या थांबेनात. भाऊंनी रिक्षा आणली आणि वाशीच्या एका हॉस्पिटलात नेलं. डेंग्यूच निघाला, प्लेटलेट्स खाली जात होत्या. भाऊंच्या यार्डातली माणसं ड्युटी सोडून रक्त द्यायला रांगेत उभी होती. आमच्या ह्यांनीही दिलं असतं, पण वय झालं म्हणून त्यांना परत पाठवलं. ते बाहेर बाकड्यावर बसून राहिले, पेपर न घेता.

मला एकदा आत सोडलं. तिचे ओठ सुकले होते, हाताला सुया. मला बघून हसायचा प्रयत्न केला.

"काकू, कुंभारमाशीचं यंदाचं घरटं फुटलं का?"

"अजून नाही गं."

"फुटेल आता. गोल भोक पडतं. पडलं की फोटो काढून ठेवा. मला बघायचंय."

"काढते. तू बोलू नको जास्त."

"मम्मीला जेवायला लावा."

एवढंच. बाहेर आल्यावर मी वहिनींना हाताला धरून कॅन्टीनला नेलं. त्यांनी अर्धी पोळी खाल्ली, तीही मुलीने सांगितलंय म्हटल्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन निघायच्या तयारीत होते. भाऊंचा फोन आला. ते फक्त "ताई" म्हणाले. मी गॅस बंद केला. डबा हातात तसाच होता, आणि तो कुठे ठेवायचा ते मला कळेना.

तिला घरी आणलं तेव्हा जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. लॅबमधल्या मुली आल्या होत्या, त्या एकमेकींना धरून उभ्या होत्या. वहिनी रडल्या नाहीत. त्या मुलीचे केस सारखे करत राहिल्या, जसं शाळेत पाठवताना करतात तसं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, म्हणजे त्यांच्या बौद्ध पद्धतीच्या दिवसकार्याला, भन्तेजी आले, वंदना झाली, मेणबत्त्या लावल्या. मी मागे बसले होते. माझ्या पुढ्यातल्या दोन बायका हळू आवाजात बोलत होत्या. "हिनंच तर गच्चीवर धूर मारू दिला नाही." "हो ना. किड्यांचा एवढा पुळका." मला उठून त्यांना सांगावंसं वाटलं की गच्चीत काही सापडलं नव्हतं, खड्डा शेजारी आहे, डास उडत येतो, तो ऑफिसात चावला की गाडीत की गेटवर, कोण सांगणार? पण समोर तिचा फोटो होता, हार घातलेला. मी बसूनच राहिले. आणि वहिनींनी ते ऐकलं होतं. त्यांची मान जराशी वळलेली मला दिसली.

त्याच आठवड्यात सोसायटीने सगळीकडे धूर मारला, गच्चीवरही. आता अडवणारं कोणी नव्हतं आणि अडवायचं कारणही मला कोणाला सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी मी वर गेले. डिझेलचा वास अजून होता. कठड्याच्या कडेला लाल टिकल्या सांडाव्यात तसे लेडीबर्ड पडले होते, काही उताणे, पाय आखडलेले. हिरव्या पंखांच्या क्रायसोपा, दोन चतुर, एक खंडोबाचा किडा. मी झाडून सुपलीत घेतलं. चौकटीवरच्या नव्या घरट्याला गोल भोक पडलं होतं. धुराच्या आधी पडलं की नंतर, ते काही कळलं नाही. मी फोटो काढला. फोटो काढून झाल्यावर तो कोणाला पाठवणार आहे हे लक्षात आलं आणि मी तिथेच खाली बसले.

पुढे महिनाभर वहिनी दार फारसं उघडत नव्हत्या. मी भाजी, डबा दारात ठेवायचे, भाऊ आत घ्यायचे. मग एक दिवस संध्याकाळी त्या अचानक गच्चीवर आल्या. मी पाणी घालत होते. चवळीवर पुन्हा मावा आला होता, यावेळी खालपासून वरपर्यंत, कारण त्याला खाणारं कोणी उरलं नव्हतं. वहिनी तिथे उभ्या राहून बघत राहिल्या.

"ताई, हे सगळं काढा."

मला आधी वाटलं, चवळी म्हणतायत.

"चवळी ना? काढते. तिचं काही खरं नाही आता."

"चवळी न्हाई. सगळं. कुंड्या, डबे, सगळं काढा. मला वर बघवत न्हाई आणि खाली बसवत न्हाई. रात्री झोपलं तरी डोक्यावर हे आहे असं वाटतंय."

"वहिनी, इथून नव्हता आला तो डास. पालिकेच्या माणसांनी बघितलं होतं. तुम्ही पण होतात."

"मला ठाऊक आहे." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मला सगळं ठाऊक आहे, ताई. म्हणून काय झालं? ठाऊक असून काय करू मी त्याचं? ती मुंगीला पाय लागू द्यायची न्हाई. ह्या एवढ्या एवढ्या किड्यांना ओळखायची ती, कोण चांगला कोण वाईट. आणि तिला चावला तो एक ओळखू आला न्हाई तिला."

असं म्हणून त्या मटकन खाली बसल्या आणि रडल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी त्यांच्याजवळ बसले. माझ्या मनात आलं होतं की निदान एक जास्वंद ठेवूया, तिच्या आठवणीसाठी. पण ते माझं होतं, त्यांचं नव्हतं. तिची आई मी नव्हते.

दुसऱ्या रविवारी आम्ही गच्ची रिकामी केली. भाऊ आले, आमचे हे आले. चांगल्या कुंड्या सानपाड्याच्या एका शाळेला दिल्या, माती खालच्या बागेत पसरली, गप्पी मासे तळ्यात सोडले. वहिनी शेवटपर्यंत राबल्या, पदर खोचून. अंबाडी उपटताना तेवढ्या थांबल्या. मग ती पण उपटली. संध्याकाळी गच्चीवर फक्त कुंड्यांचे गोल ओले डाग राहिले होते.

त्यानंतर आमच्यात भांडण काही झालं नाही. पण बोलण्यासारखंही काही उरलं नाही. जिन्यात भेटलो की "जेवलात का", "पाणी आलं का" एवढंच. मी त्यांच्याकडे गेले की त्यांना मुलगी आठवणार, त्या माझ्याकडे आल्या की मला. म्हणून दोघीही टाळत होतो. मला त्यांचा राग आला नाही. एकटेपण मात्र आलं, रिटायर झाल्यावर आलं होतं त्याहून निराळं. तेव्हा करायला काही नव्हतं. आता काय करता आलं असतं ते माहीत होतं.

असं वर्ष उलटून गेलं. शेजारचा खड्डा बुजवून काम पुन्हा सुरू झालं, आता तिथे पाचवा मजला चढतोय.

गेल्या महिन्यात दुपारी बेल वाजली. दारात वहिनी. एका हातात बाजारातून आणलेली तुरीच्या शेंगांची पिशवी, दुसऱ्या हातात एक वाटी, वर बशी झाकलेली.

"ताई, चष्मा घ्या जरा."

मी चष्मा घेतला. त्यांनी बशी हळूच सरकवली. वाटीत एक तपकिरी किडा होता, चपटा, ढालीच्या आकाराचा, खांद्यांना टोकं. वाटीच्या कडेने गोल गोल फिरत होता.

"शेंगा सोलताना निघाला," वहिनी म्हणाल्या. "चांगला हाय की वाईट?"

मी बघितलं. बाजूने बघितलं, खिडकीपाशी नेऊन बघितलं. असला किडा तिने आम्हाला कधी दाखवला नव्हता.

"शेंगेतला रस पिणारा असेल," मी म्हणाले.

"अळी खायला पण आला असंल की. शेंगेत अळी होतीच."

"तसंही असेल. पण असला घाण वास येतोय याला."

"वासावरून काय कळतंय? वास तर बचनागाच्या विषालाही न्हाई."

थोडा वेळ आम्ही दोघी वाद घालत राहिलो, पूर्वी घालायचो तसा. मग दोघींनाही एकदमच कळलं की हे ठरवणारं कोणी नाही. वहिनींनी वाटी टेबलावर ठेवली.

"तिला विचारलं असतं," त्या म्हणाल्या.

माझ्यासमोर त्यांनी तिचा विषय काढला तो वर्षभरात पहिल्यांदाच. मी चहाचं आधण आणि दूध गॅसवर ठेवलं. त्या स्वयंपाकघरात माझ्यामागे स्टुलावर येऊन बसल्या आणि आपणहून सांगायला लागल्या, ती लहान असताना परभणीला गेली की बांधावर पालथी झोपून मुंग्या कशी बघायची, आजी ओरडायची, आणि फ्रॉकला सगळी माती. मी ऐकत होते. दूध ओतू गेलं तरी त्या थांबल्या नाहीत, आणि मीही त्यांना थांबवलं नाही.